टाऊन हॉल : मुंबईच्या ग्रंथसंग्रहाचे घर

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेला, उंच पायऱ्यांवर उभी असलेली पांढरी, खांबांची इमारत टाऊन हॉल म्हणून ओळखली जाते. १८३३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई ही संस्था, तिचे ग्रंथालय आणि महाराष्ट्र शासनाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय या मुंबईच्या ओळखीच्या इमारती उभ्या राहिल्या त्याच्या निदान चाळीस वर्षे आधीची ही वास्तू. ती बांधली गेली राज्यकर्त्यांच्या सभा-समारंभांसाठी, पण पुढे ते समारंभ दुसरीकडे गेले आणि इमारत टिकली ती ग्रंथांमुळे. तिचा इतिहास म्हणजे या पायऱ्या चढण्याचा हक्क हळूहळू अधिकाधिक लोकांना कसा मिळत गेला त्याचा इतिहास आहे.

संस्था आणि तिचे पहिले ग्रंथ

इमारतीच्या आधी संस्था जन्मली. सर जेम्स मॅकिंटॉश हा स्कॉटिश कायदेपंडित मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे येथील मुख्य न्यायाधीश, म्हणून आला होता. त्याने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये काही विद्याप्रेमी इंग्रजांची बैठक बोलावली आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. त्या वेळी जोनाथन डंकन मुंबईचा गव्हर्नर होता. कलकत्त्यात सर विल्यम जोन्सने १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन केली होती आणि पश्चिम किनाऱ्यावरही तसे विद्याकेंद्र असावे ही यामागची प्रेरणा होती. पहिल्या सभासदांत ‘हिंदू पॅन्थिऑन’ हा हिंदू देवदेवतांवरचा ग्रंथ लिहिणारा एडवर्ड मूर होता, तसेच चार्ल्स फोर्ब्ससारखा मोठा व्यापारीही होता.

सोसायटीने प्रारंभीच ग्रंथालयाचा पाया घातला. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी १७८९ साली आपसात वर्गणी काढून एक लहानसा ग्रंथसंग्रह जमवला होता. तो सोसायटीने विकत घेतला आणि त्यात भर टाकत नेली. सभासदांच्या निबंधांचे तीन खंड १८१९ ते १८२३ या काळात प्रसिद्ध झाले. पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जोडली जाऊन ही संस्था तिची मुंबई शाखा बनली आणि १८४१ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. भूगोलविषयक बॉम्बे जिओग्राफिकल सोसायटी १८७३ साली आणि मानववंशशास्त्राची अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी १८९६ साली तिच्यात विलीन झाली, तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि नकाशेही याच कपाटांत आले. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, लंडनशी असलेले नाते संपून ती एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे झाली, आणि २००२ साली नावात मुंबई आले.

लॉटरीतून उभी राहिलेली इमारत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई हे तटबंदीच्या आतले शहर होते. किल्ल्याच्या मधोमध बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होते. त्याच्या कडेला १७१८ सालचे सेंट थॉमस चर्च होते, आणि मैदानावर गुजरात-वऱ्हाडाकडून येणाऱ्या कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. नागरिकांच्या मोठ्या सभेसाठी, समारंभासाठी किंवा ग्रंथसंग्रह ठेवण्यासाठी योग्य जागा मात्र गावात नव्हती. शहराला एक टाऊन हॉल असावा आणि त्यातच सोसायटीच्या ग्रंथालयाला व वस्तुसंग्रहाला जागा मिळावी, ही कल्पना १८११ साली पुढे आली. तिचा पुरस्कर्ताही मॅकिंटॉशच होता. त्याच वर्षी तो इंग्लंडला परतला, पण कल्पना मागे राहिली.

पैशाचा प्रश्न लॉटरीने सोडवायचे ठरले. सार्वजनिक बांधकामांसाठी सोडत काढण्याची रीत तेव्हा इंग्लंडमध्ये आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात रुळलेली होती. लोकांनी तिकिटे घ्यावीत, बक्षिसे वजा जाता उरलेली रक्कम कामाला लावावी, अशी ती योजना होती. सोडतीचे पैसे जमले, पण एवढ्या मोठ्या कामाला ते पुरेनात. बांधकाम १८२१ साली सुरू झाले आणि बारा वर्षे रेंगाळत चालले. एकूण खर्च सुमारे ६० हजार पौंडांवर गेला आणि त्यातला मोठा वाटा अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला उचलावा लागला.

आराखडा बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी पथकातील कर्नल थॉमस काउपर याचा. त्या काळी मुंबईत व्यवसायाने वास्तुशिल्पी म्हणावा असा माणूस दुर्मीळच, त्यामुळे तोफखान्यांचे बुरूज, रस्ते आणि पूल बांधणारे लष्करी अभियंतेच चर्च, टांकसाळ आणि सभागृहेही बांधत. टाऊन हॉलच्या शेजारची टांकसाळही अशाच एका लष्करी अभियंत्याने त्याच दशकात बांधली, आणि तिलाही ग्रीक धाटणीचे खांब आहेत. काउपर १८२५ साली वारला, तेव्हा इमारत अर्धवटच होती. त्याच्या पथकातल्या सहकाऱ्यांनी ती १८३३ साली पुरी केली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तिचा गौरव करताना अभिरुची आणि औदार्य यांच्या संगमातून भारतात उभी राहिलेली ही सर्वांत भव्य वास्तू असल्याचे म्हटले होते.

ग्रीक खांबांची भाषा

टाऊन हॉलची शैली नवअभिजात आहे, आणि तिच्यातही ती ग्रीक पुनरुज्जीवनाच्या शाखेची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय वास्तुशिल्पींनी अथेन्समधील मंदिरांची मापे घेऊन त्यांचे आराखडे छापले. त्यानंतर इंग्लंडमध्ये संग्रहालये, बँका, न्यायालये अशा इमारतींना ग्रीक मंदिराचा दर्शनी भाग देण्याची लाट आली. विद्या, कायदा आणि नागरी जीवन यांचे प्रतीक म्हणून तो मानला जाई. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आजच्या रूपात उभे राहू लागले तेही याच काळात. मुंबईचा टाऊन हॉल त्या लाटेचा भारतातला एक उत्कृष्ट नमुना गणला जातो.

इमारतीचे तोंड पश्चिमेकडे आहे. रस्त्यावरून ३० पायऱ्यांचा रुंद जिना थेट वरच्या मजल्यावरच्या द्वारमंडपाशी जातो. तळमजला उंच जोत्यासारखा खाली राहतो आणि मुख्य मजला त्यावर चढवलेला दिसतो. द्वारमंडपाला आठ डोरिक खांब आहेत. ग्रीक स्थापत्यातल्या तीन प्रमुख स्तंभप्रकारांपैकी डोरिक हा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा. खांब खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. अंगावर उभ्या खोबणी कोरलेल्या असतात आणि दोन खोबणींमध्ये धारदार कड असते, त्यामुळे दुपारच्या उन्हात खांबावर प्रकाश आणि सावलीच्या उभ्या रेघा उठतात. माथ्यावर पानाफुलांचे नक्षीकाम नसते. एक फुगीर कडे आणि त्यावर चौकोनी फळी एवढेच असते. या साधेपणामुळे सारा भार नजरेला थेट जाणवतो. टाऊन हॉलचा भारदस्तपणा या खांबांतून आलेला आहे.

या खांबांची एक गोष्ट वास्तुइतिहासकार सांगतात. मूळ आराखड्यात खांब जोडीजोडीने उभे करायचे होते. ते इंग्लंडहून जहाजाने आले तेव्हा अपेक्षेपेक्षा इतके मोठे निघाले की जोडीने उभे करणे शक्य नव्हते. म्हणून निम्मेच येथे बसवले आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले गेले.

परदेशी धाटणीची ही इमारत मुंबईच्या हवेशी जुळवून घेणारी करण्यात काउपरचे कौशल्य दिसते. अथेन्सच्या मंदिराला खिडक्या नसत. येथे त्या उंच आणि भरपूर आहेत, आणि त्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. झडप मिटली तरी वारा आत येतो, ऊन आणि पावसाचा झोत मात्र बाहेर राहतो. पश्चिमेचे तिरके ऊन द्वारमंडपाच्या खोल सावलीत अडते. मागच्या बाजूला बंदर असल्यामुळे समुद्रावरचा वारा दालनांतून खेळतो. छत उंच असल्याने गरम हवा वर राहते. विजेचे पंखे आणि दिवे येण्याच्या कितीतरी आधी वाचक या दालनांत तासन्‌तास बसू शकत होते ते या रचनेमुळे.

आतली दालने

मुख्य मजल्याच्या मध्यभागी मोठे सभागृह आहे, ते दरबार हॉल म्हणून ओळखले जाते. बाहेरच्या कडक डोरिक खांबांच्या जागी आत पानांची नक्षी असलेले कोरिंथियन खांब येतात. बाहेर गांभीर्य आणि आत शोभा, ही अभिजात स्थापत्याची जुनी रीत आहे. सभागृहाच्या दोन्ही अंगांना ग्रंथालयाची दालने, समितीच्या खोल्या आणि कार्यालये होती. तळमजला सरकारी कचेऱ्यांना दिलेला होता.

ग्रंथालयाच्या दालनांत लाकडी जमीन, उंच लाकडी कपाटे, वरच्या फडताळांपर्यंत पोचण्यासाठी गोल लोखंडी जिने आणि नक्षीदार लोखंडी कठडे आहेत. जिन्यापाशी आणि दालनांत संगमरवरी पुतळे आहेत. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम आणि चार्ल्स फोर्ब्स यांचे पुतळे सर फ्रान्सिस चँट्री या त्या काळच्या नामवंत इंग्रज शिल्पकाराच्या हातचे आहेत. या इंग्रजांच्या रांगेत सर जमशेटजी जीजीभॉय आणि १८६५ साली दिवंगत झालेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे दोन मुंबईकरही बसलेले आहेत. पेशवाईची अखेर पाहिलेला एल्फिन्स्टन आणि मुंबईत शिक्षणाची पायाभरणी करणारे नाना शंकरशेट एका छताखाली आले, यातच या शहराच्या एकोणिसाव्या शतकाचा सारांश आहे.

सभा, जाहीरनामे आणि विधिमंडळ

पहिली काही दशके टाऊन हॉल हे मुंबईचे सार्वजनिक व्यासपीठ होते. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या परीक्षा आणि समारंभ याच सभागृहात होत. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी येथे भरली. या कौन्सिलवर नेमलेल्या पहिल्या भारतीयांत जगन्नाथ शंकरशेट होते. महाराष्ट्राच्या आजच्या विधिमंडळाची परंपरा त्या बैठकीपर्यंत मागे जाते.

याच काळात इमारतीचा परिसर बदलला. कापसाचा बाजार १८४४ साली कुलाब्याला हलला होता. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि बॉम्बे ग्रीनच्या जागी गोलाकार बाग व तिच्याभोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या. एल्फिन्स्टन सर्कल हे त्याचे मूळ नाव. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला मिळाले. हे वर्तुळ आखताना टाऊन हॉलच्या दर्शनी भागाला केंद्र मानले गेले, त्यामुळे बागेतून पाहिले की आठ खांब बरोबर समोर येतात. पुढे शहरात गॉथिक शैलीची लाट आली. विद्यापीठाचे ग्रंथालय, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि मोठ्या सरकारी इमारती टोकदार कमानींच्या झाल्या, आणि ग्रीक खांबांचा टाऊन हॉल वेगळा उठून दिसू लागला.

दार उघडत गेले

पहिली पस्तीस वर्षे सोसायटीचे सभासदत्व फक्त युरोपीयांना मिळे. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी प्रयत्न केला तेव्हा त्यांना आधी नकार मिळाला. १८४० साली ते पहिले भारतीय सभासद झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्राचीन ताम्रपट आणि शिलालेख वाचून लिहिलेले निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. मराठी पत्रकारितेचा आरंभ करणारा हा तरुण विद्वान त्याच वेळी पुरालेखविद्येतही काम करीत होता, हे येथील जुन्या अंकांत पाहायला मिळते.

त्यानंतर मराठी आणि गुजराती संशोधकांची एक परंपराच उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठा आणि इतर ठिकाणच्या शिलालेखांवर येथे निबंध वाचले आणि त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह पुढे सोसायटीकडे आला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाची मांडणी केली. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग हे सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. विसाव्या शतकात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे नाव या वास्तूशी कायमचे जोडले गेले. वकिली सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, त्याला तीन दशकांहून अधिक काळ लागला, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सोसायटीच्या पदव्युत्तर संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे. दुर्गा भागवतांनीही लोकसाहित्य आणि संस्कृतीच्या अभ्यासासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षे येथील टेबलाशी काढली. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या वाचकांनी त्यांना येथे काम करताना पाहिले आहे.

कपाटांतले धन

एशियाटिकच्या ग्रंथालयात एक लाखाहून अधिक ग्रंथ आहेत आणि त्यांतले सुमारे १५ हजार दुर्मीळ म्हणून वेगळे ठेवलेले आहेत. संस्कृत, प्राकृत, फारसी अशा भाषांतली सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत. बहुतेक कागदावर, काही ताडपत्रांवर. त्यांत महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र प्रत भारतीय चित्रकलेच्या अभ्यासकांना फार मोलाची वाटते. जैन शैलीच्या लघुचित्रांपासून पुढच्या राजपूत चित्रांकडे जाताना मधला टप्पा कसा होता, ते तिच्यातून कळते. इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची एक जुनी हस्तलिखित प्रत येथे आहे, ती एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने १९३० च्या सुमारास तिच्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली आणि सोसायटीने नकार दिला, असे सांगितले जाते. नाण्यांच्या संग्रहात गुप्तवंशीय कुमारगुप्ताचे सोन्याचे नाणे, अकबराची मोहर आणि शिवाजी महाराजांची नाणी आहेत. जुन्या नकाशांची संख्या हजाराच्या वर जाते.

सोपाऱ्याचे अवशेष या संग्रहातले विशेष. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वसईजवळच्या नालासोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट नावाची टेकडी उकरली, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या सात आणि भावी बुद्ध मैत्रेयाची एक अशा आठ धातूच्या मूर्ती बसवलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून त्या काळच्या भक्तांनी जपलेले होते. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते, त्यावरून पेटी पुरल्याचा काळ ठरवायला आधार मिळाला. एका बंदराच्या गावात सापडलेला हा ठेवा आज टाऊन हॉलमध्ये आहे.

सर्वांचे ग्रंथालय

सभासदांपुरते ग्रंथालय सर्वसामान्यांसाठी खुले व्हावे ही मागणी विसाव्या शतकात जोर धरू लागली. मुंबई सरकारने १९३९ साली असफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिने खेड्यापासून राजधानीपर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवली आणि तिच्या शिखरावर मध्यवर्ती ग्रंथालय असावे असे सांगितले. त्यातून टाऊन हॉलमध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाचे काम सुरू झाले. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय ही ती चार. त्यामुळे मराठी, गुजराती, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतल्या पुस्तकांचा ओघ मुंबईत येऊ लागला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यभरातल्या ग्रंथालयांना शासकीय चौकट मिळाली आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे स्थान पक्के झाले. आज एकाच वास्तूत एका बाजूला सभासदांचे संशोधन ग्रंथालय आणि दुसऱ्या बाजूला शासनाचे सार्वजनिक ग्रंथालय अशा दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

इमारतीचे आणि कागदाचे जतन

टाऊन हॉलची इमारत मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे, त्यामुळे तिच्या बाह्य रूपात वा महत्त्वाच्या अंतर्भागात मनमानी बदल करता येत नाहीत. तरी समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्याशी तिचा सतत सामना चालतो. छतातून पाणी झिरपले की लाकडी तुळया कुजतात, भिंतींतली ओल चुना सोडवते, आणि ओल्या लाकडात वाळवी शिरते. म्हणून अशा वास्तूची डागडुजी मूळ सामग्रीला मानवणाऱ्या चुन्याच्या गिलाव्याने करावी लागते. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि दगडाचे नुकसान करतो.

ग्रंथांचे संकट वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातले आम्ल काळाच्या ओघात कागद पिवळा आणि ठिसूळ करते, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे वृत्तपत्र तीनशे वर्षांपूर्वीच्या हातकागदाच्या पोथीपेक्षा लवकर तुटते. मुंबईच्या दमट हवेत बुरशी आणि कसर त्यात भर घालतात. यावर उपाय म्हणजे पानांतले आम्ल काढणे, तुटक्या पानांना पातळ जपानी कागदाचा आधार देणे आणि हवेतली ओल ताब्यात ठेवणे. या कामाला अनुभवी हात लागतात आणि वेळही लागतो. सोसायटीने जुनी पुस्तके, वृत्तपत्रे आणि हस्तलिखिते संगणकीय रूपात आणण्याचेही काम हाती घेतले. ‘ग्रंथसंजीवनी’ या तिच्या संगणकीय संग्रहामुळे मूळ प्रत वारंवार हाताळावी लागत नाही आणि मुंबईबाहेरच्या अभ्यासकालाही ती पाने पाहता येतात. इमारतीची डागडुजी आणि ग्रंथांचे जतन ही दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत. छत गळत राहिले तर संगणकीय प्रतीखेरीज काही उरणार नाही, आणि ग्रंथ गेले तर उरेल ती फक्त खांबांची देखणी इमारत.